उपाय संपल्यानंतरचें कर्तव्य

असाध्य रोगाच्या अखेरच्या टप्प्यावर ‘आतां कांहीं करण्यासारखें उरलें नाहीं’ असें वैद्य सांगतो, तेव्हां तो केवळ रोगाचें वर्णन करतो कीं स्वतःला कर्तव्यांतून मुक्तहि करून घेतो? या प्रश्नाचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

समजा, बीड जिल्ह्यांतील तलवाडा गांवच्या एका शेतकऱ्यास कर्करोग झाला. घरचीं माणसें त्वरितादेवीला नवस बोलतात, त्याला बार्शीस नेतात, आणि तेथून १९४१ सालीं परळ येथें उघडलेल्या टाटा रुग्णालयांत नेतात. पदपथावर रात्री काढून आणि शेत गहाण टाकून तीं परततात, तीं वरील वाक्य घेऊनच. मग एक मुलगा आणखी एखादें रुग्णालय शोधूं लागतो. दुसऱ्यानें मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ऊसतोडीचा हंगाम लागतांच त्याला कारखान्याची वाट धरावी लागते. रोगी वृद्ध पत्नीच्या हवालीं राहतो.

या धांवपळीस आम्ही वेडेपणा म्हणणार नाहीं. थांबणें म्हणजे बापाला टाकणें, असें मुलांना वाटतें. गांवहि तसेंच म्हणतो. परंतु या प्रेमांत एक गोष्ट राहून जाते: रोग्याला कोणी कांहीं विचारीतच नाहीं. त्याला सर्व कळलेलें असतें, घरालाहि कळलेलें असतें, आणि दोघेहि एकमेकांपासून तें लपवितात. वेदनेहून हा एकांत कमी दुःसह नसावा.

मूळ वाक्यच खरें नाहीं, असें आमचें मत आहे. रोग हटत नसला तरी वेदना बहुधा आटोक्यांत आणतां येते. त्यासाठीं लागणारें मॉर्फीन अफूपासून होतें, आणि अफूची पीक आपल्याच देशांत सरकारी परवान्यानें निघतें. तरीहि १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांची गुंतागुंत इतकी वाढली कीं खऱ्या रोग्यालाहि तें दुर्मिळ झालें. २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली. पण कायदा सुधारला म्हणजे औषध खेड्यांत पोंचलें असें होत नाहीं. व्यसनाच्या भयानें मरणोन्मुखास तळमळत ठेवणें, ही नीतीची विपरीत कल्पना होय.

मग हें काम कोणीं करावें? एकट्या कुटुंबावर तें टाकणें न्याय्य नाहीं. ज्या घरचीं कर्तीं माणसें सहा महिने परगांवीं असतात, त्यांना सेवेचा उपदेश काय कामाचा? केरळांत कोळिकोड येथें १९९३ सालीं आरंभिलेल्या कार्यांतून पुढें गांवोगांवचे शेजारीच शिकून तयार झाले, आणि परिचारिकेबरोबर रोग्याच्या घरीं जाऊं लागले. २००८ सालीं त्या राज्यानें याविषयीं धोरणहि ठरविलें. तेथें जमलें तें येथें अशक्य मानण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

वैद्यानें म्हणावें, ‘रोग आमच्या हातीं नाहीं, तुमची झोंप आणि वेदना यांची काळजी आम्ही घेऊं.’ सरकारनें औषध उंबरठ्यापर्यंत आणावें. आणि गांवानें? मृतास खांदा देण्यासाठीं आपल्याकडे अवघें गांव जमतें. त्यांतल्या चौघांनीं महिनाभर आधीं येऊन त्याच्या खाटेशीं बसावें, एवढेंच आमचें मागणें आहे.