सांगड आणि धोंडा



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ७, श्लोक १४. भगवंत सांगतात, माझी ही त्रिगुणी माया ओलांडायला फार अवघड आहे. पण जे मलाच शरण येतात, ते तरून जातात.

या श्लोकाशी मी बरीच वर्षं अडखळायचो. देव तारणार असेल, तर हातपाय कशाला मारायचे? आणि मला पोहता येत असेल, तर शरण कशाला जायचं?

उत्तर मिळालं डोंगरीत. भाईंदर पश्चिमेच्या डोंगरी-उत्तन पट्ट्याला एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी तिथे गेलो होतो. स्विमिंग पूलमध्ये वर्षभर घाम गाळलेला, वीस लॅप सहज मारायचो. खाडीकाठी जाळं दुरुस्त करत बसलेले एक काका म्हणाले, "आता उतरू नको रे बाबा. उधाण आहे, ओहोटी लागलीय."

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त चढतं आणि तितकंच जोरात उतरतं. शाळेत शिकलो होतो हे सगळं. तरी उतरलोच.

थोड्याच वेळात लक्षात आलं, मी काठाकडे पोहतोय आणि काठ लांब जातोय. दम संपला. शेवटी भांडण सोडलं, पाठीवर पडलो, अंग सैल केलं, एक हात वर धरला. काका होडी घेऊन आले. ओरडले नाहीत. काठावर आल्यावर एवढंच म्हणाले, "मलाही नातवंडं आहेत रे."

ते वाक्य अजून टोचतं. माझा अहंकार हा माझा खासगी मामला आहे, असं मला वाटायचं. पण त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी भरली असती.

याच श्लोकावर ज्ञानेश्वर माउलींनी मायेच्या नदीचं मोठं रूपक रचलंय. शके १२१२ मध्ये, प्रवरेकाठी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नदी समोरच होती. माउली म्हणतात, काहीजण वेदांची सांगड बांधून निघाले, पण सोबत अहंभावाचे धोंडे घेतले. सांगड म्हणजे तरंगायला बांधतात ती. गावाकडे विहिरीत पोरं पाठीला रिकामा डबा बांधतात ना, तसंच काहीसं. सांगड चांगलीच होती. बुडवलं धोंड्यांनी.

माझे वीस लॅप म्हणजे सांगड. "मला कोण सांगणार?" हा धोंडा.

म्हणून आता वाटतं, शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं नाही. बुडणार नाही याची ती हमीही नाही. भाविक माणसंही बुडतात. शरण जाणं म्हणजे पाणी आपल्यापेक्षा मोठं आहे हे मान्य करून पोहणं. आणि देवाचा 'थांब' बहुतेक वेळा जाळं विणणाऱ्या एखाद्या काकांच्या तोंडून येतो. ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी "आज डिप्लॉय नको" म्हणणाऱ्या ज्युनियरच्या तोंडूनही!

पोहणं मी सोडलं नाही. फक्त पाण्यात उतरण्याआधी काठावरच्या माणसाला विचारतो.

आज दिवसभर स्वतःला एकच विचारूया: माझ्या सांगडीला कुठला धोंडा बांधलाय? आणि मी बुडालो, तर मला काढायला कोण उडी मारणार आहे?

राम कृष्ण हरी!