घेतलेल्या श्वासाचं देणं



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या बाराव्या श्लोकावर. भगवंत इथे फार कडक शब्द वापरतात: चोर. देवांनी दिलेलं भोगायचं आणि परत काहीच द्यायचं नाही, असा माणूस चोरच. त्याने कुणाचं घर फोडलेलं नाही. नुसतं घेतलं आणि चालू पडला.

हे वाचताना मला हवा आठवली. परंपरेने दिवसाचे २१,६०० श्वास मोजलेत, म्हणजे मिनिटाला १५. एकाचंही बिल येत नाही. मग आपण परत काय देतो? बहुतेक वेळा धूर!

पुण्यात हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि गाड्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर खालीच कोंडतो. त्यातले २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण (पीएम २.५) फुफ्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये यांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत हवी असं सांगितलं. आपल्या देशाचं मानक आहे ४०. घराबाहेरची आणि घरातली दूषित हवा मिळून जगात वर्षाला सुमारे ७० लाख अकाली मृत्यू होतात, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

"पण माझ्या एका गाडीने काय फरक पडतो?" हा प्रश्न मलाही पडतो. लोड वाढून सर्व्हर झोपतो तेव्हा लॉगमधली प्रत्येक रिक्वेस्ट छोटीशीच असते, दोषी एकही दिसत नाही. गीता मात्र किती घेतलंस हे विचारतच नाही. परत दिलंस का, एवढंच विचारते. मग 'माझा वाटा छोटा' ही सबब उरत नाही.

पुढच्याच श्लोकात फक्त स्वतःपुरतं शिजवणाऱ्यांबद्दल सांगितलंय. घरात दम्याचं माणूस असेल तर एअर प्युरिफायर जरूर घ्या, त्यात पाप नाही. पण चौकातला ट्रॅफिक पोलीस, झाडू मारणाऱ्या मावशी कुठली खिडकी लावून घेणार?

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला: वॉचमनकाका रात्री पुठ्ठे आणि प्लास्टिक पेटवून शेकतात, त्यांना दंड करा. मला वाटलं, थंडीने कुडकुडणारा चोर, आणि एकटा कार घेऊन ऑफिसला जाणारा मी साव? शेवटी वर्गणी काढून केबिनला हीटर आणि काकांना जाड जॅकेट घेतलं. शेकोटी बंद झाली. माझ्या लेखी हाही यज्ञच.

अर्थात सगळं वर्गणीने होत नाही. १९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये कोळशाच्या धुराने हजारो माणसं गेली. त्यानंतर १९५६ मध्ये कायदा आला आणि घराघरातल्या धुरावर बंधनं आली. म्हणून बससाठी, कचरा जाळण्याविरुद्ध महापालिकेच्या मागे लागणं हेही साधनेत धरायला हवं.

आज जपाला बसाल तेव्हा श्वासाकडे लक्ष जाईलच. तेव्हा या आठवड्यात हवेला परत देण्यासारखी एक गोष्ट ठरवा आणि कमेंटमध्ये कळवा. मी आठवड्यातले दोन दिवस बसने जायचं ठरवलंय.

राम कृष्ण हरी.