आवरलेला हात

आजारी माणसाला घास भरवणारा हात हेच सेवेचे निर्विवाद रूप, अशी समजूत मराठी घरांत खोल रुजलेली आहे; परंतु पुनर्वसन-परिचर्येने, म्हणजे इजा किंवा आजारानंतर उरलेल्या शक्तीवर रुग्णाला पुन्हा उभे करू पाहणाऱ्या शुश्रूषेने, या समजुतीपुढे एक पेच उभा केला आहे. अर्धांगवायूचा रुग्ण धडधाकट हाताने लुळ्या हातावर सदऱ्याची बाही चढवत असताना शेजारची परिचारिका हात न लावता थांबते, तेव्हा तिच्याकडून घडते ते कर्म की अकर्म?

गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मातही कर्म पाहण्यास सांगितले आहे, आणि सहाव्यात आपला उद्धार आपणच करावा असे म्हटले आहे. मात्र या वचनांच्या आधारे कोणालाही वाऱ्यावर सोडणे हा शुद्ध कावेबाजपणा होय. परिचारिकेचे थांबणे पोकळ नसते, कारण कण्याला इजा झालेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलणे, शय्याव्रणाची पहिली लाली ओळखणे, ठरावीक वेळी नळीने लघवी काढण्यास शिकवणे, हे सारे तिच्याकडेच असते. फिजिओथेरपी ही वेगळी पदवी. फिजिओथेरपीचा तज्ज्ञ तासाभराने निघून जातो आणि उरलेला दिवस परिचारिकेचा असतो.

अशा कामाची क्षेत्रे महाराष्ट्रात जुनी आहेत: पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४चे, मुंबईत हाजीअलीची राष्ट्रीय पुनर्वसन संस्था १९५५ची, तर कण्याच्या इजेने अपंग झालेल्या सैनिकांसाठीचे खडकीचे केंद्र १९७४चे, व्यसनमुक्तीचे पुण्यातील मुक्तांगण १९८६चे. अशा ठिकाणची परिचारिका पगारी असते; पण वेतन घेतल्याने सेवा बाटते, हा आक्षेप फारसा टिकत नाही, कारण तो सहसा वेतन देणाऱ्यांकडूनच येतो.

खरी कसोटी रुग्ण घरी परतल्यावर लागते. आळे परिसरातील पिंपळवंडीसारख्या गावात सून सासऱ्याला स्वतः जेवू देते, हे पाहून शेजारी तिला निष्ठुर ठरवण्याची शक्यताच अधिक. म्हणून घरी जाऊन शिकवणाऱ्या परिचारिकेला रुग्णाइतकेच त्या शेजाऱ्यांनाही समजवावे लागते. स्मृतिभ्रंशाने घास ओळखण्याचीही शक्ती गेलेल्या वृद्धापुढे मात्र स्वावलंबनाचा हा निकष संपतो, आणि तिथे भरवणारा हातच पुन्हा योग्य ठरतो.