ओल

गिटारचा आवाज बऱ्याच अंशी तिच्या पुढच्या पातळ फळीतून येतो. ही फळी बहुधा स्प्रूसची असते. ताज्या लाकडातले पाणी स्वर गिळून टाकते, म्हणून ते ६ ते ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात. जुन्या रीतीत फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी रचायची आणि वाऱ्यावर सोडायची. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष. भट्टीत तेच काम काही आठवड्यांत होते. अलीकडे तर प्राणवायू दूर ठेवून लाकूड १६० ते २२० अंश सेल्सिअसपर्यंत भाजतात. त्यातले हेमिसेल्युलोज मोडते, फळी हलकी होते, हवेतला ओलावा कमी शोषते आणि जुन्या वाद्याच्या जवळ जाते. मात्र ती ठिसूळही होते.

जो सब्र केलाच नाही, त्याचे फळ घेणे प्रामाणिक आहे काय?

आधी आम्हाला वाटले, नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याचा भोपळा वाळायची वाट पाहतात. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात या सबुरीचाही वाटा आहे. पण नुसता संथपणा म्हणजे सब्र नव्हे. वाऱ्यावर टाकलेल्या लाकडालाही बुरशी लागते आणि नीट चालवलेल्या भट्टीतून उत्तम लाकूड निघते. दोष घाईचा. फार वेगाने वाळवले की वरचा थर आधी सुकून ताठ होतो, गाभा ओलाच राहतो. फळी दिसायला निर्दोष. करवत लागताच वाकते. जाणता भट्टीवाला म्हणूनच शेवटी वाफ देऊन आतला ताण सोडवतो.

इथे हदीसमधला एक प्रसंग आठवतो. बाजारात धान्याच्या ढिगात पैगंबरांनी (स.) हात घातला, तो बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. दोष पावसाचा नव्हता, झाकण्याचा होता. भाजलेली फळी भाजलेली म्हणून विकणारा खरा. जुनी म्हणून विकणारा खोटा.

हे लिहिताना आम्ही शिक्षक मात्र अवघडतो. घोकंपट्टीवर पास झालेले मूल आम्ही वरच्या वर्गात पाठवतो. प्रगतिपुस्तक कसे कोरडे, खणखणीत! गाभ्यातली ओल आम्हाला ठाऊक असते. आईबापांना दिसावी म्हणून ती आम्ही वर ठेवतो काय?