एकट्या इलेक्ट्रॉनचा शेजार

मुक्त मूलकांची ओळख करून देताना रसायनशास्त्राच्या पुस्तकांत दोन विशेषणं हमखास येतात, अस्थिर आणि अल्पायुषी. गंधकाचा एक अणू, हायड्रोजनचा एक आणि जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन, एवढाच ऐवज असलेल्या एसएच मूलकाकडे पाहिलं की वाटतं, हा ठपका उगाचच त्याच्या माथी मारलाय.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत किपच्या उपकरणातून निघणारा, सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड अनेकांनी नाक दाबून सोसला असेल. तोच वायू दलदलीतून, गटारांतून हवेत येतो. तिथं हायड्रॉक्सिल मूलक त्याचा एक हायड्रोजन हिसकावतं, स्वतः पाणी होऊन मोकळं होतं, आणि मागे उरतं एसएच. यात नफाच आहे: गंधक-हायड्रोजनचा तो बंध तोडायला मोलमागे साधारण 381 किलोज्यूल मोजावे लागतात, पाण्याचा बंध जुळताना 497 हाती येतात. मग एसएचला ओझोन किंवा नायट्रोजन डायऑक्साइड गाठतो. एसएचचा खेळ सेकंदभराच्या आत आटोपतो.

पण हे आयुष्य ठरवलं कुणी? शेजाऱ्यांनी. आपल्या घनसेंटिमीटरभर हवेत सुमारे 25 अब्ज अब्ज रेणू दाटीवाटीनं असतात. ताऱ्यांमधल्या विरळ मेघांत तेवढ्याच जागेत जेमतेम शंभरेक कण. धडकच होत नाही, तर अभिक्रिया कुठून होणार? तिथं एसएचला भीती मुख्यतः अतिनील किरणांची.

अवकाशात हायड्रॉक्सिल 1963मध्येच सापडलं. या गंधकवाल्या भावंडासाठी 2012 उजाडलं. त्याची खूण 1383 गिगाहर्ट्झला. जमिनीवरून पाहावं तर हवेतलं बाष्प आडवं येतं, आणि हर्शेल या अवकाश दुर्बिणीच्या वर्णपटमापकाला नेमका 1250 ते 1410 हा पट्टा दिसत नव्हता! अखेर बोइंग 747 विमानात बसवलेल्या ‘सोफिया’ दुर्बिणीनं, बहुतेक बाष्पाच्या वर जाऊन, डब्ल्यू49एन या तारे जन्मणाऱ्या प्रदेशाच्या दिशेनं ती शोषणरेषा टिपली.

खरी मौज यापुढची. गंधकाच्या अणूनं हायड्रोजनच्या रेणूतून एक अणू काढून घ्यायचा तर हजारो अंशांची धग हवी, आणि हे मेघ उणे 190 अंशांच्या आसपास गारठलेले. तरीही एसएच आहे. म्हणजे मेघात कुठेतरी आघाततरंग किंवा खळबळ उठत असणार आणि वायूचे छोटे पट्टे तेवढ्यापुरते तापत असणार. सरासरी तापमानाच्या आकड्यात ही धग कधीच दिसली नसती.