हाडे बदलतात, देणे बदलत नाही

अहिल्यानगरच्या पूर्वेला डोंगरावर सलाबतखानाची अष्टकोनी कबर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी रचलेला तिचा दगड आजही तोच आहे. देहातील हाड दगडासारखे भासते, पण ते सतत मोडते आणि घडते. काही पेशी जुने हाड विरघळवतात. त्यांच्या मागून येणाऱ्या पेशी प्रथिनांचे जाळे विणतात व त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट साठते. प्रौढ माणसाचा सुमारे १० टक्के सांगाडा दरवर्षी असा नवा होतो.

येथे एक प्रश्न पडतो. २० वर्षांपूर्वी निकाहच्या वेळी ज्याने महर कबूल केला आणि अद्याप दिला नाही, त्याची तेव्हाची हाडे आज बहुतांशी उरलेली नाहीत. मग देणे कोणाकडे?

उत्तर हाडाच्या घडणीतच आहे. नवे हाड जुन्याचा भार नाकारत नाही. उलट जिथे भार पडतो तिथेच ते अधिक बळकट होते. देह बदलतो, जबाबदारी तीच राहते. म्हणूनच शरीअतने महर हे कर्ज मानले. पती वारला तरी वारसांच्या वाटणीआधी ते फेडावे लागते.

उतारवयात मोड वाढते, घडण मागे पडते. सूरह मरयममध्ये हजरत जकरिया (अ.) यांनी आपली हाडे क्षीण झाल्याचे अल्लाहपुढे मांडले आहे. पत्नीची हाडेही झिजतात, रजोनिवृत्तीनंतर तर अधिक वेगाने. तिचा हक्क हयातीतच तिच्या हाती पडावा. अखेरच्या घटकेला तिच्याकडून माफी मागून घेण्याची वाट पाहू नये.