दुखऱ्या पाठीचा धनी कोण?

नौकानयनाची शर्यत दोन हजार मीटरची. वल्हवणारा जिकडे जातो तिकडे त्याची पाठ असते, आणि ओढण्याचा ताण त्याच पाठीवर व बरगड्यांवर येतो. कंबरदुखी व बरगडीला जाणारा बारीक तडा ही ह्या खेळाची नेहमीची दुखणी होत. आता हाच खेळाडू फिजिओथेरपी शिकलेला असला तर? रोग्याला तो म्हणेल, "दुखते तिथे थांबा." स्वतःला म्हणेल, "दुखले तरी ओढ."

असा मनुष्य आहे. आयर्लंडचा पॉल ओ'डोनोव्हन डब्लिनच्या विद्यापीठात फिजिओथेरपी शिकला, पुढे वैद्यकाकडे वळला. त्याने २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये भावाबरोबर रौप्यपदक आणि टोकियो (२०२१) व पॅरिस (२०२४) येथे दुसऱ्या साथीदाराबरोबर सुवर्णपदक मिळविले. दोन विद्या एकाच देहात नांदतात खऱ्या. पण त्यांचे भांडण मिटले असे मला वाटत नाही.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. नाशिक जिल्ह्यातील दुष्काळी तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. वल्हे हाती आले ते फौजेत गेल्यावर! २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, पालेंबांग येथे, एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो थकून शेवटचा, सहावा आला. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक मिळविले. टाळ्या वाजविणे सोपे आहे. त्या रात्री त्याची पाठ आपल्या हाताखाली असती, तर आपण काय सांगितले असते?

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात देह आपला स्वतःचा नाही असे म्हटले आहे, आणि नवव्यात शर्यतीच्या खेळाडूप्रमाणे त्याच देहाला तो दामटतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे दोन अध्याय एकाच रविवारी वाचावेत. चौघांच्या नावेत एकाने हात सोडला तर तिघांचे वर्ष वाया जाते. म्हणजे तिथेही पाठ एकट्याची नसतेच. माझ्या मते उपचार करणाऱ्याने पदकाचा विचार मनात न आणता दुखापत खरीखरी सांगावी, आणि निर्णय त्या मनुष्यावर सोडावा. पण एक अट आहे: त्याला "नाही" म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे.

ह्या अटीपाशी मी अडतो. दत्तू किंवा पॉल नाही म्हणाले तर पदक जाईल. पेडण्याच्या किनाऱ्यावर रापणीचा दोर ओढणारा नाही म्हणाला तर त्या दिवसाचा वाटा जातो. डिचोलीच्या डोंगरावर वाकून काजूचे बोंडू वेचणाऱ्या बाईचेही तेच. तीच कंबर, तेच दुखणे. त्यांना आठ दिवस विश्रांती घ्या असे सांगणे सोपे आहे, आणि ऐकून ते मान डोलावतीलही. आठ दिवस तो दोर कोण ओढणार, हे मात्र सांगणाऱ्याने आधी विचारावे, आणि मंडळीत दोन धडधाकट तरुण असतील तर त्यांनाही विचारावे.